किमतीपलीकडचे देणे

किंमत ठरली आणि ती चुकती झाली की व्यवहार संपला, असे हिशेबाची वही सांगते. मनुष्यस्वभाव मात्र तेथे थांबत नाही. विकणारा ठरलेल्या किमतीतून काही सोडतो, घेणारा ठरलेल्या रकमेवर काही ठेवून जातो, आणि या सोडण्याठेवण्यातून एक जुना नैतिक प्रश्न उभा राहतो. किमतीच्या अलीकडचे किंवा पलीकडचे हे जे देणे, तो उपकार की हक्क? उपकार म्हणावा, तर घेणाऱ्याची मान किंचित खाली जाते; हक्क म्हणावा, तर देणाऱ्याच्या मनाचा मोठेपणा त्यातून वजा होतो. या प्रश्नाच्या विचारासाठी आम्ही येथे इटलीच्या बाजारभाषेचा आधार घेत आहोत. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा, द्विनोंदी जमाखर्चाची पद्धत समजावून देणारा ग्रंथ १४९४ साली छापला गेला तो व्हेनिसमध्ये. हिशेबात इतक्या मुरलेल्या देशाने हिशेबाबाहेरच्या देण्याला कोणती नावे दिली, हे पाहणे उद्बोधक आहे.

सवलतीला इटालियन भाषेत ‘स्कोन्तो’ म्हणतात. मोजणे या अर्थाच्या ‘कोन्तारे’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. मोजलेल्यातून वजा केलेले ते स्कोन्तो. परंतु ‘स्कोन्तारे’ हेच क्रियापद शिक्षा भोगण्यासाठीही वापरतात. कैदी आपली मुदत ‘स्कोन्तारे’ करतो, म्हणजे जणू एकेक दिवस वजा करीत ती फेडतो. शिक्षेत मिळणाऱ्या कपातीला ‘स्कोन्तो दी पेना’ असे नाव आहे, आणि जो कोणाचीच गय करीत नाही त्याच्याविषयी ‘तो कोणाला स्कोन्तो देत नाही’ असे बोलतात. मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपली ‘सूट’ही सुटण्याशी नाते सांगते, ती कापडाच्या दुकानात मिळते, तशी कारागृहातही मिळते. इतक्या दूरदूर वाढलेल्या दोन भाषांनी दुकानदाराची सवलत आणि न्यायासनाची दया एकाच शब्दात बांधावी, याचा अर्थ दोहोंच्या मुळाशी एकच कल्पना आहे : जे देणे लागतो, ते समोरच्याने सोडून देणे.

पण समोरचा ते कोणासाठी सोडतो? घासाघीस करून मिळणारी सूट वरवर पाहता मोठी मनमोकळी दिसते. वस्तुतः ती ज्याची जीभ गोड, ओळख जुनी आणि हाताशी वेळ भरपूर, त्याच्या पदरात पडते. संकोची माणूस, परगावचा माणूस, ‘कमी करा’ हे शब्द ज्याच्या तोंडून निघत नाहीत असा माणूस पूर्ण किंमत मोजतो. एकाला दाखविलेल्या औदार्याचा भार अशा रीतीने दुसऱ्या न मागणाऱ्यावर पडतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

या ठिकाणी मिलान शहराच्या चेझारे बेक्कारियाचे स्मरण होते. ‘गुन्हे आणि शिक्षा यांविषयी’ हे त्याचे छोटेखानी पुस्तक १७६४ साली लिव्होर्नो येथे लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाले. आरोपीचा छळ आणि देहान्तशासन यांना त्याने केलेला विरोध सर्वश्रुत आहे. दयेविषयीचा त्याचा विचार त्यामानाने कमी परिचित आहे. शिक्षा सौम्य असतील आणि न्यायाची रीत सरळ असेल, तर क्षमेची गरजच उरू नये. दया हा कायदा करणाऱ्याचा गुण असावा, तो राबविणाऱ्याचा नसावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. प्रथमदर्शनी हे निष्ठुर वाटते. पण न्यायाधीशाच्या मर्जीवर सुटणारा एक कैदी पाहून सुखावणारे आपण, त्याच मर्जीअभावी न सुटलेल्या दहांना पाहत नाही, हे ध्यानात घेतले की त्यामागची करुणा दिसू लागते. पुढे १७६८ साली मिलानमध्ये हाच बेक्कारिया अर्थशास्त्राचा अध्यापक झाला. तेव्हा त्याची कसोटी बाजाराला लावणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

इटलीच्या कायद्याने बाजारात पुष्कळसे हेच केले आहे. हंगामाच्या अखेरीस जी मोठी विक्री होते तिला ‘साल्दी’ म्हणतात. ‘साल्दो’ म्हणजे खात्याची शिल्लक. १९९८ च्या कायद्याने या विक्रीची व्याख्या केली, तिचा काळ ठरविण्याचे काम प्रांतांकडे सोपविले, आणि मूळ किंमत व सवलतीची टक्केवारी दोन्ही मांडण्याचे बंधन दुकानदारावर घातले. किंमत आधी फुगवून मग उतरविण्याची युक्ती काही इटलीपुरती नाही; तिला आळा घालण्यासाठी २०२३ पासून आधीच्या तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखविणेही आवश्यक झाले. अशा सवलतीत दुकानदाराचे उपकार मानावे असे काही उरत नाही. पण मुका आणि बोलका, दोघांनाही ती सारखीच मिळते.

दुसरा शब्द ‘ब्वोनो’. त्याचा साधा अर्थ चांगला. तोच शब्द नाम म्हणून वापरला की तो कूपन किंवा चिठ्ठी या अर्थाचा होतो. नोकरदारांना मालकाकडून मिळणारी जेवणाची चिठ्ठी म्हणजे ‘ब्वोनो पास्तो’. उपाहारगृहात ती पुढे करताना कोणाला संकोच वाटत नाही. ती नोकरीबरोबर आलेली असते. २०२० च्या साथीत मात्र आणखी एक ब्वोनो घरोघर पोहोचला. त्या वर्षी २९ मार्चच्या आदेशाने सरकारने नगरपालिकांना अन्नसाहाय्यासाठी चाळीस कोटी युरो दिले, आणि अनेक नगरपालिकांनी त्यातून किराण्याच्या चिठ्ठ्या, ‘ब्वोनो स्पेसा’, वाटल्या. दोन्ही चिठ्ठ्यांनी भूकच भागते. परंतु पहिली सांगते की हा माणूस काम करतो. दुसरी सांगते की याच्यापाशी काही उरलेले नाही. शिवाय चिठ्ठी काय घ्यावे हेही ठरवून देते. रोख पैसा घेणाऱ्यावर विश्वास टाकतो, चिठ्ठी तो राखून ठेवते. संकटात वेगाने मदत पोहोचविण्यासाठी हे क्षम्य असेल, नव्हे आवश्यकही असेल. पण तिची नैतिक किंमत कोणीतरी मोजतो, आणि तो बहुधा रांगेत उभा असतो.

तिसरा शब्द सर्वांत रम्य आहे. बक्षिसीला इटलीत ‘मांचा’ म्हणतात. शेजारच्या भाषांनी या देण्याचा संबंध पिण्याशी जोडला आहे : फ्रेंच व जर्मन शब्दांचा अर्थ पिण्यासाठी पैसे, आणि गोव्याच्या जुन्या पिढीला ठाऊक असलेला पोर्तुगीज ‘गोर्जेता’ हा गळ्यावरून आला. आपले ‘चहापाणी’ही याच कुळातले. ‘मांचा’चे मूळ मात्र जुन्या फ्रेंचमधील बाही या अर्थाच्या शब्दात आहे. मध्ययुगीन झुंजींच्या खेळात सरदारकन्या आपल्या वस्त्राची बाही वीराला भेट देत, त्या प्रथेशी कोशकार त्याचे नाते जोडतात. बाही मिळाली म्हणून वीराचे पोट भरत नव्हते, आणि ती न मिळाल्याने तो उपाशीही राहत नव्हता. म्हणूनच ती भेट होती.

इटलीतील आजच्या मांचाचे स्वरूपही बरेचसे असेच राहिले आहे. हिशेब चुकता करताना रक्कम वर पूर्णांकात नेणे, काही नाणी मेजावर सोडणे, एवढेच. टक्केवारीचा दंडक नाही. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची, मेजावर बसण्याची माणशी रक्कम असते, पण ती मालकाची. रोम ज्यात येते त्या लात्सिओ प्रांताने २००६ साली तिला मनाई केली, तर अनेक ठिकाणी ती पावाच्या नावाने परत आली. वाढप्याचे वेतन सामुदायिक करारांनी ठरते. १९४८ पासून अमलात आलेल्या इटलीच्या संविधानाचे ३६ वे कलम सांगते की, वेतन कामाच्या प्रमाणात तर असावेच, पण कामगाराला व त्याच्या कुटुंबाला स्वतंत्र आणि सन्मानाचे जीवन जगता येईल इतके असावे. याउलट अमेरिकेत बक्षिसीवर चालणाऱ्या कामांसाठी संघीय कायद्याने मालकाने द्यावयाचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर थांबलेले आहे. अनेक राज्यांनी ते वाढविले असले, तरी जेथे ते तसेच आहे तेथे गिऱ्हाइकाची बक्षिसी हीच रोजीरोटी होते. तिला भेट म्हणणे कठीण आहे. ती वेतनच असते, फक्त मालकाऐवजी परक्याच्या लहरीवर सोपविलेले. इटलीतही सारे आलबेल आहे असे नाही. नोंदीबाहेरच्या रोजगाराला तेथे ‘काळे काम’ म्हणतात, आणि कलम ३६ त्या स्वयंपाकघरांपर्यंत नेहमी पोहोचत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. सारे देणे कायद्यात आणि करारात बांधले, तर माणसाच्या हातून माणसाला काही मिळण्याची जागाच कोठे उरली? या आक्षेपाला आम्ही हलके लेखत नाही. त्याचे उत्तर आम्हाला नेपल्सच्या ‘काफ्फे सोस्पेसो’ या प्रथेत दिसते. त्याचा शब्दशः अर्थ टांगून ठेवलेली कॉफी. एखादा मनुष्य कॉफी पितो एक आणि पैसे देतो दोनांचे. नंतर कोणीतरी येऊन विचारतो, ‘टांगलेली कॉफी आहे का?’ असली तर त्याला ती मिळते. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा दिसत नाही. आभार ऐकण्याचे सुख देणाऱ्याने आपण होऊन सोडलेले असते, आणि त्यामुळे घेणाऱ्याची मान ताठ राहते. आपल्याकडील गुप्तदानाची कल्पना याहून वेगळी नाही. २०२० च्या टाळेबंदीत नेपल्सच्या जुन्या गल्ल्यांत वरच्या मजल्यांवरून दोरीने टोपल्या सोडल्या गेल्या. ज्याला शक्य त्याने त्यात घालावे, ज्याला गरज त्याने त्यातून घ्यावे. मात्र कॉफीचा पेला लहान असतो, हे विसरता कामा नये. कोणाचे घर त्यावर चालत नाही, म्हणून त्यात मिंधेपणा नाही.

तेव्हा आमच्या मते कसोटी अशी : ज्यावाचून माणसाचे अडते, ते त्याला हक्काने मिळावे, ज्यावाचून अडत नाही, तेच भेट म्हणून द्यावे. हा क्रम उलटला की भेटीचा जाच होतो.

ही कसोटी आपल्या घरालाही लावून पाहावी. आपल्या भाषेत दिवाळीची ‘पोस्त’ आहे, बक्षीस आहे, आणि त्यांची बिघडलेली भावंडे म्हणून चिरीमिरीही आहे. गिरणी-कारखान्यांतील कामगारांचा बोनस हा मालकाच्या खुशीचा विषय होता; १९६५ च्या कायद्याने तो हक्क झाला, आणि त्यामुळे दिवाळीचा आनंद कमी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. आपल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे राबणाऱ्या बाईंपर्यंत मात्र तो कायदा आला नाही. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या घरे टिकवून धरलेल्या आपल्या कुटुंबांत त्यांना ‘घरच्याच’ म्हणण्याची रीत आहे, आणि त्यामागचा जिव्हाळा खोटा नसतो. पण दिवाळीला नवे लुगडे आणि वर पोस्त देणाऱ्या हातानेच आजारपणातील चार दिवसांचे पैसे कापले जात असतील, तर ते लुगडे कोणाच्या पैशाचे, असा प्रश्न विचारावा लागेल. पगार ठरलेला, रजा ठरलेली, आजारपणाची सोय ठरलेली. एवढे झाल्यावर दिलेली पोस्त त्या बाईंना हसून घेता येईल, आणि मनात आले तर नाकारताही येईल.

जी नाकारता येत नाही, तिला भेट म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याला नाही.