चहाडी की साक्ष?

कोणाची चहाडी करू नये, हे आपल्याकडे मुलाला पाटीवर अक्षर गिरवण्याआधीच शिकवतात. शिकवण खरी आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण मोजताना अपैशुन, म्हणजे चहाडी न करणे, हाही गुण धरला आहे. मग रात्री कोणी ट्रॉलीभर कचरा नाल्यात लोटून गेला, ते आपण डोळ्यांनी पाहिले आणि सकाळी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन सांगितले, तर ती चहाडी झाली काय? अमरावती-अकोल्याकडे कीर्तन आटोपल्यावर आम्हाला हा प्रश्न येतो, आणि विचारणारा बहुधा उत्तरही बरोबरच घेऊन येतो : "बुवा, आपल्याले काय करायचं? ज्याचं पाप त्याच्यापाशी." उत्तर दिसायला सज्जनपणाचे आहे, पण ते पारखून घेतले पाहिजे.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. दुसऱ्याचे छिद्र तिसऱ्यापुढे उघडे करणे म्हणजे पैशुन, असा अर्थ श्रीशंकराचार्यांनी गीताभाष्यात केला आहे. कोणाच्या घरात भांडण आहे, कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, हे त्याचे छिद्र. ते चव्हाट्यावर आणणे वाईटच. पण नाल्यातला ढीग हे कोणाचे घरगुती छिद्र नव्हे. तो एकाच्या अंगणातून निघाला आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन बसला. पावसाळ्यात नाला तुंबला की पाणी टाकणाऱ्याच्या माडीवर चढत नाही, काठच्या झोपडीत शिरते. डास तिथेच, ताप तिथेच. उष्ट्यासकट प्लॅस्टिकची पिशवी गिळून गाय मरते तीही तिथेच. जे दहाजणांना भोगावे लागते, ते एकाचे गुपित कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, आम्ही क्षमा केली. अहो, क्षमा ज्याचे नुकसान झाले त्याने करायची असते. पाणी दुसऱ्याच्या झोपडीत शिरावे आणि क्षमा आपण करावी, हे शेजाऱ्याच्या कणगीतले धान्य काढून दानधर्म करण्यासारखे आहे.

आपल्या पूर्वजांनीही ही गोष्ट खाजगी मानली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रस्त्यावर माती-केर टाकणाऱ्याला पणाचा आठवा भाग दंड आहे, पाणी तुंबवून चिखल करणाऱ्याला चौथा भाग. आणि तेच राजमार्गावर केले तर दुप्पट. मनुस्मृतीतले सगळेच आज कोणी शिरोधार्य मानणार नाही, मानूही नये. पण तिच्या नवव्या अध्यायातला एक विवेक घेण्याजोगा आहे. राजमार्ग घाण करणाऱ्याला दोन कार्षापण दंड करून घाणही त्याच्याकडूनच काढवावी. मात्र अडचणीत सापडलेला, म्हातारा, गर्भिणी किंवा मूल असेल तर दंड न करता समज द्यावी आणि जागा साफ करवून घ्यावी. म्हणजे जागा स्वच्छ झालीच पाहिजे. दंड मात्र माणूस पाहून.

आता मोठी शंका. गाडगेबाबा तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, १८७६ साली शेंडगावात जन्मलेले. ते गावात शिरले की खराटा हाती घेत, कोणाची तक्रार करीत बसत नसत. मग आपणही मुकाट्याने झाडावे, हे बरे नव्हे काय? झाडावेच. पण बाबा मुके नव्हते. दिवसा झाडलेल्या गावालाच रात्री कीर्तनात ते तोंडावर प्रश्न विचारीत. खराटा आणि बोल, दोन्ही त्यांच्याजवळ होते. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याचे हजारो लोक मोर्णा नदी साफ करायला उतरले. ते पुण्यकर्मच. परंतु मोहीम एका दिवसाची, राखण वर्षभराची. सकाळी शंभर हातांनी काढलेले रात्री एक ट्रॅक्टर भरून टाकतो. तेव्हा खराट्याबरोबर जीभही लागते.

त्या जिभेचे बळ पाहा. मध्य प्रदेशात रतलाम येथे उघड्या गटारांना कंटाळलेल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्याकडे फिर्याद नेली. नगरपालिका म्हणाली, पैसा नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, पैसा नाही ही सबब चालणार नाही. लोकांचे आरोग्य राखणे हे नगरपालिकेचे कर्तव्यच आहे. सांगणारे गप्प बसते, तर ते कर्तव्य कागदातच राहते.

मात्र सांगण्यालाही शिस्त हवी. पहिल्याने त्या माणसालाच सांगावे. कित्येकदा तेवढ्यानेच काम होते. न ऐकल्यास जागा, तारीख, वेळ, जमल्यास गाडीचा नंबर आणि फोटो एवढेच कळवावे. "तो तसलाच आहे" हे जोडू नये. चहाडी तिथून सुरू होते. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. ट्रॉली हाकणारा गडी रोजंदारीचा असतो. तेव्हा माल कोणाचा, याचाही तपास करा, असे अर्जात लिहावे. नाहीतर गडी दंड भरतो आणि मालक दुसरा गडी पाठवतो. एकट्या विधवेला सूडाचे भय असेल तर तिला पुढे करू नये. गल्लीतल्या दहाजणांनी मिळून सही करावी.

आता कसोटीची गोष्ट. ट्रॉली परक्याची असली की तक्रारीला पाय चटकन उचलतो. पण सप्ताहाला मंडप देणाऱ्या यजमानाची असली की आपल्याला एकाएकी अपैशुन आठवते. आम्हा कीर्तनकारांची तर बिदागीच त्याच्या हातून यायची असते. तिथे गप्प राहणे हा दैवी गुण नव्हे, तो निव्वळ व्यवहार आहे. सप्ताहाची पंगत उठल्यावर प्लॅस्टिकचे द्रोण नाल्याकाठी जात असतील, तर पहिले सांगणे त्याच मंडपात झाले पाहिजे.

तात्पर्य, जे बोलणे त्या माणसासमोर उभे राहून पुन्हा बोलता येते आणि ज्याचा हेतू जागा साफ व्हावी एवढाच आहे, ती साक्ष. जे पाठीमागेच बोलता येते आणि बोलताना गोड लागते, ती चहाडी. पहिलीला भिऊ नये, दुसरीच्या वाटेला जाऊ नये.