दगडातले लोह कोणाचे?

काळ्या जमिनीतल्या उसावर केवडा पडतो, तेव्हा कोवळी पाने पिवळी होत जातात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. हिराकसाची फवारणी केली की पाने पुन्हा रंग धरतात. पिकाला लोह कमी पडले होते, हे निदान बरोबरच. पण ही जमीन बेसॉल्टच्या झिजेतून झालेली. लोहाचा तिच्यात तोटा नाही. चुनखडी आणि चढा सामू यांमुळे ते खनिजांत जखडून पडते. भोवती असणे आणि हाती लागणे यांत किती अंतर असते, ते इथे डोळ्यांना दिसते.

जिवाणूंना हा पेच फार जुना आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात ऑक्सिजन साठू लागला आणि पाण्यात सहज विरघळणारे फेरस लोह फेरिक होऊन तळाशी बसू लागले. आज ऑक्सिजन असलेल्या, सामू ७ च्या लिटरभर पाण्यात मोकळे फेरिक आयन जेमतेम काही लाख उरतात. एका जिवाणू पेशीची गरजही लाखांच्याच घरातली. म्हणजे सगळे लिटर पाणी पिऊनही एकीचे कसेबसे भागणार! तरीही मातीत जिवाणू आहेत, आणि भरपूर आहेत. ते कसे, हे उलगडायला विसाव्या शतकाचा मोठा भाग गेला.

पहिला धागा गोठ्यातून मिळाला. फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि जी. इन्ग्रॅम हे लंडनमध्ये गुरांच्या जोन्स (Johne's) रोगाचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते. तो काही केल्या वाढेना. त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या, गवतावरच्या जिवाणूच्या मृत पेशी खाद्यात मिसळल्या, तेव्हा तो वाढला. १९१२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या पेशींत काहीतरी ‘आवश्यक द्रव्य’ असावे, एवढाच निष्कर्ष तेव्हा शक्य होता. ते द्रव्य १९४९ मध्ये वेगळे केले गेले आणि त्याला मायकोबॅक्टिन हे नाव मिळाले. तोवर त्याच्याकडे वाढीला लागणारा एक पोषक घटक म्हणूनच पाहिले जात होते.

ही समजूत बदलली ती जे. बी. नीलँड्स यांच्या कामामुळे. १९५२ मध्ये त्यांनी काणी रोगाच्या एका बुरशीतून लोह धरून ठेवणारे फेरिक्रोम मिळवले. पुढे त्यांना आणि गॅरिबाल्डी यांना दिसले, की लोहाची उपासमार केली की सूक्ष्मजीव असे लोहबंधक रेणू मुबलक बाहेर सोडतात. म्हणजे मायकोबॅक्टिनसारखे लोह धरणारे द्रव्य नुसते अन्न नव्हते; भूक लागल्यावर घराबाहेर धाडलेला तो वसुलीदार होता. अशा रेणूंना आज सिडेरोफोर म्हणतात.

कोकणातल्या जांभ्याला पिवळट-तपकिरी छटा देणाऱ्या गोथाइटचा एक कण घेऊ. त्यात प्रत्येक लोह-अणूभोवती सहा ऑक्सिजन असतात. बरेच सिडेरोफोर आपलेही सहा बंध तसेच पुढे करतात. पृष्ठभागावरचा अणू जुने शेजारी एकेक करून सोडतो, नवे धरतो आणि सुटून पाण्यात येतो. काम संथ असते. मुळांनी किंवा बुरशीने सोडलेले ऑक्झलेट सोबत असेल तर वेग वाढतो. लोह घेऊन परतलेला रेणू खास ग्राहीमार्फत पेशीत घेतला जातो. हीच धडपड प्रयोगशाळेत निळ्या थाळीवर पाहता येते. १९८७ मध्ये श्विन आणि नीलँड्स यांनी लोह बांधलेला एक निळा रंग खाद्यात घातला. जिवाणूने ते लोह ओढून घेतले, की वसाहतीभोवती नारिंगी कडे उमटते.

या कड्याकडे नीट पाहिले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. कडे वसाहतीच्या बाहेर पसरलेले असते. रेणू एकाने बनवला, पण सोडवलेले लोह तिथे असलेल्या, जुळणारा ग्राही असणाऱ्या कुणालाही उचलता येते. मधल्या काळात वैद्यकाने सिडेरोफोरला शस्त्र मानले होते, आणि ते सकारणच: आपले रक्त लोह लपवून ठेवते आणि रोगजंतू ते हिसकावतात. पण शस्त्र एकाच्या मुठीत राहते, हे तसे राहत नाही. २००४ मध्ये ग्रिफिन, वेस्ट आणि बकलिंग यांनी स्यूडोमोनास या जिवाणूवरच्या प्रयोगांत दाखवले, की सिडेरोफोर न बनवणारे जिवाणू बनवणाऱ्यांत मिसळले तर खर्च न करता फायदा घेत फोफावतात. जवळचे नातलग एकत्र राहिले, तर बनवणाऱ्यांना टिकणे सोपे जाते.

ट्वॉर्टच्या थाळीत खरे तर हे सारे हजर होते. एका जिवाणूचे जगणे दुसऱ्याने बनवलेल्या द्रव्यावर अवलंबून होते. आपण आधी द्रव्य पाहिले, मग त्याचे रसायन, मग त्यातला संघर्ष; नाते सर्वांत शेवटी पाहिले. मला वाटते, हा क्रम आपल्या विचाराच्या सवयीबद्दल बरेच सांगतो. संपत्ती म्हणजे साठा, असे आपण धरून चालतो आणि तो मोजत बसतो. मातीपरीक्षणाच्या अहवालात लोहाचा आकडा असतो, पण ते लोह सोडवणारे जीव आणि त्यांचे परस्परसंबंध नसतात. दगडातले लोह खनिजाच्या मालकीचे नाही आणि एकट्या जिवाणूचेही नाही. ते सोडवण्याचा खर्च वाटून घेणाऱ्यांचे आहे. म्हणून जमिनीचा कस ठरवताना तिच्यात काय आहे याच्या जोडीने, तिथे कोण कोणाच्या सोबतीने जगते आहे, हेही विचारायला हवे.