न गंजणारे पाते

समुद्रावर गळ टाकणाऱ्याने मिटता चाकू निवडताना, दुकानदार न गंजण्याची जी हमी देतो तिचा नीट खुलासा करून घेतला, तर प्रश्न व्यवहारातून निघून थेट वेदान्ताच्या दारी जाऊन बसतो. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे जे पोलाद ओतविले, ते काही अविकारी नव्हते. हवा लागताक्षणीच त्यातील क्रोमियम प्राणवायूशी संयोग पावते, आणि डोळ्यांना न दिसणारे ते पटलच पुढील विकाराचा बंदोबस्त करते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात कूटस्थनित्य (जे कधी बदलतच नाही) आणि परिणामिनित्य (जे बदलत राहूनही तेच राहते) असा जो भेद केला आहे, त्यात हे पाते, नित्य म्हणायचेच तर, दुसऱ्याच वर्गात बसेल.

मिठातील क्लोराइड मात्र या पटलालाही भोके पाडते, आणि मिटत्या चाकूच्या खिळीपाशी खारे पाणी अडकले की पाते वरून लखलखीत असताना आत बारीक खड्डे पडू लागतात. ४४०सी पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असते खरे, परंतु धारेसाठी घातलेला टक्काभर कार्बन त्यातील काही भाग गिळून बसतो. जपानी एच-१ पोलादात कार्बन कमी करून नत्र घातला, तेव्हा गंज जवळजवळ हटला, पण साधी धार लवकर बोथटू लागली. शुचिता आणि तीक्ष्णता एकाच देहात पूर्णांशाने मागणाऱ्या साधकांची मला (उगाच म्हणा) थोडी धास्तीच वाटते.

मी एच-१च घेईन, सोबत सहाण बाळगीन, आणि घरी येताच सांधा गोड्या पाण्याने धुईन. नित्यकर्म केल्याने फळ नाही, न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, हे मत ज्यांना रुक्ष वाटते, त्यांनी न धुतलेला चाकू आठवड्याने उघडून पाहावा.