क्षमेचा हक्क कोणाचा?



आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद ७२ अन्वये राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ अन्वये राज्यपालांना फार मोठा अधिकार दिला आहे. न्यायालयाने दोषी ठरविलेल्या माणसाची शिक्षा ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने माफ करू शकतात, कमी करू शकतात, फाशीचे रूपांतर जन्मठेपेत करू शकतात. न्यायाधीशही माणूसच आहे, त्याच्याकडून चूक होऊ शकते. म्हणून दयेला एक दार उघडे असावे, हा त्यामागील विचार. इस्लामला हा विचार परका नाही. परंतु इस्लाम त्याआधी एक प्रश्न विचारतो : ज्याच्यावर अन्याय झाला, त्याला कोणी विचारले काय?

दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बकरामधील १७८ वी आयत पाहा. हत्येच्या बदल्याचा नियम सांगतानाच अल्लाहने क्षमेचा मार्गही दाखविला, आणि तो मृताच्या वारसाच्या हाती ठेवला. वारसाने बदला सोडला, तर त्याने रक्तमूल्याची मागणी सौजन्याने करावी व दुसऱ्याने ते भलेपणाने चुकते करावे. विशेष म्हणजे, येथे वारस आणि मारेकरी यांचे नाते ‘भाऊ’ या शब्दाने जोडले आहे. वारस हयात असताना हा हक्क शासकाने परस्पर सोडून द्यावा, अशी मुभा शरीअतमध्ये नाही.

आपल्या महाराष्ट्रातील एक प्रसंग येथे आठवतो. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्या गोळीने प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. ज्युरीने नानावटींना निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. परंतु त्यापूर्वी मृताच्या बहिणीची संमती घेण्यात आली होती. कायद्याने ती आवश्यक नव्हती. तरीही त्या संमतीविना ती माफी अपुरीच वाटली असती.

याउलट, १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने २००२ च्या दंगलीतील सामूहिक बलात्कार व हत्यांच्या खटल्यातील ११ जन्मठेपेच्या कैद्यांना सोडले. ही राष्ट्रपतींची माफी नव्हती, शिक्षेतील सूट होती. निर्णय घेताना आपली विचारपूसही कोणी केली नाही, असे पीडितेने म्हटले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. खटला मुंबईत चालल्यामुळे सूट देण्याचा अधिकार गुजरातला नव्हताच. जिच्या जखमा, तिलाच वगळून केलेली दया ही दुसऱ्याच्या घरातील वस्तू दान करण्यासारखी आहे.

मग क्षमा करणाऱ्याने दुःख विसरलेच पाहिजे काय? हजरत हमजा (रजि.) यांना उहुदच्या रणांगणावर शहीद करणारा वहशी पुढे इस्लाम स्वीकारून आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या लाडक्या चुलत्याचा सूड घेतला नाही. मात्र शक्य असेल तर माझ्या नजरेसमोर येऊ नकोस, एवढेच त्याला सांगितले. क्षमा पूर्ण होती, आणि दुःखही खरे होते.

आता आपल्या अंगणात पाहू या. सिद्धेश्वरसारख्या गावांत कालव्याच्या पाण्यावरून, शेताच्या बांधावरून, भाऊबंदकीतून भांडणे होतात, डोकी फुटतात. मग चार वडीलधारी मंडळी जमतात आणि दुबळ्याच्या घरी जाऊन म्हणतात, “जाऊ द्या, माफ करा, गावाची अब्रू आहे.” बंधूंनो, समेट घडविणे हे पुण्यकर्म आहे, पण धाकाने वदवून घेतलेली माफी ही माफी नव्हे. आधी अपराध्याला त्या उंबरठ्यावर न्यावे, त्याने भरपाई द्यावी, चूक कबूल करावी. त्यानंतरही नकार मिळाला, तर त्या नकाराचा मान राखावा. शिक्षा देणे मात्र न्यायालयाचे काम आहे. कोणीही कायदा हातात घेऊ नये.

आणि ज्याच्या हातून जुलूम घडला आहे, त्याने प्रेषितांचा (स.) इशारा ध्यानात ठेवावा. ज्या दिवशी दीनार-दिरहम नसतील, त्या दिवशी हक्काची परतफेड पुण्याईने करावी लागेल, आणि पुण्य संपले तर पीडिताची पापे माथी येतील. राजमुद्रेची माफी तुरुंगाचे दार उघडते. मजलूमचे देणे मात्र मजलूमच सोडू शकतो. म्हणून आजच त्याच्या दारी जा.

अल्लाह आम्हांस न्याय करण्याचे धैर्य आणि क्षमा करण्याचे मोठे मन देवो. आमीन.