युद्ध आणि गृहस्थाची कणगी

सुगीच्या दिवसांत वर्षाचे धान्य भरून ठेवणे हे आपल्याकडे सुगृहिणीचे लक्षण मानले जाते. कणगी भरलेली असली म्हणजे आल्यागेल्यास दोन घास घालता येतात. मोठे युद्ध पेटले असता हीच भरलेली कणगी दुसऱ्याच्या ताटातला घास ठरते काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

दुसऱ्या महायुद्धातील बंगालचे उदाहरण घ्यावे. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीतील होड्या काढून घेतल्या. त्याबरोबर कोळ्यांची उपजीविका गेली. ऑक्टोबरात मेदिनीपुरावर चक्रीवादळ कोसळले. भाव चढू लागले तसे ज्यांना शक्य होते त्यांनी धान्य दडविले; व्यापाऱ्याने नफ्यासाठी, गृहस्थाने भीतीपोटी. युद्धोपयोगी काम करणाऱ्या कलकत्त्यातील कामगारांसाठी सवलतीच्या धान्याची सोय झाली; खेड्यातील भूमिहीन मजुराची आठवण कोणास राहिली नाही. १९४३ मध्ये ही माणसे शहरात आली, तेव्हा भात मागण्याचेही त्यांना धैर्य नव्हते. ती दारोदार नुसती पेज मागत. बळींची संख्या सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख धरली. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. आणि त्या वर्षी प्रांतातील एकूण अन्न १९४१ पेक्षा कमी नव्हते, असे अमर्त्य सेन यांनी आपल्या १९८१ च्या ग्रंथात प्रतिपादिले आहे!

त्याच साम्राज्याच्या मायभूमीत, ब्रिटनमध्ये, ८ जानेवारी १९४० पासूनच लोणी, साखर आदी जिन्नस मापून मिळू लागले होते. राजघराण्यासही शिधापुस्तिका होती. उपाहारगृहांत मात्र कुपनाविना जेवता येई. धनिकांचा हा पंक्तिप्रपंच लोकांना खुपला, तेव्हा १९४२ मध्ये एका जेवणास ५ शिलिंगांची मर्यादा घालण्यात आली. आपल्या मुंबईतही १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. रांगांविषयी लोक कुरकुरले, आणि ती कुरकुर रास्तच होती. परंतु बंगालच्या मजुरास उभे राहण्यास रांगच नव्हती.

मग साठा करणाऱ्या गृहस्थास अधर्मी म्हणावे काय? उद्या लेकरांना अन्न मिळेल याची हमी नसताना त्याने कणगी रिती करावी, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस वाटत नाही. ज्यास आपला वाटा निश्चित मिळणार आहे, त्यालाच साठा सोडण्याचा आग्रह करता येतो. ही निश्चिती देणे राज्यकर्त्यांचे काम, आणि बंगालमध्ये ते झाले नाही. म्हणून मोठा दोष त्यांचा. तथापि दाराशी पेज मागणारा उभा असता आतून कडी लावून जेवणाऱ्याच्या वाट्यास काहीच दोष येत नाही, असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही.