वस्तूंचा सांभाळ : आसक्ती की कर्तव्य?

ऐहिक वस्तूंत मन गुंतवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डोंगरावरील प्रवचनात येशूने पृथ्वीवरील धनाची नश्वरता सांगताना कसर व गंज यांचाच दाखला दिला आहे. असे असूनही, घरातील सागवानी कपाट वर्षातून एकदा रिकामे करून त्याला निगुतीने तेल-मेण चोळणाऱ्या गृहिणीचे आपण कौतुक करतो. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा? निर्जीव लाकडासाठी अर्धा दिवस वेचणे ही आसक्ती समजावी की कर्तव्य?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तथापि वसई तालुक्यात आणि मुंबईच्या गावठाणांत तो अनेक कुटुंबांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला आहे. कौलारू घर पाडून इमारत उभी राहते, भावंडांत वाटणी होते. आणि आजोबांच्या काळची शिसवी आरामखुर्ची, कागदपत्रे ठेवण्याची पेटी, जेवणाचे लांब मेज यांना नव्या सदनिकेत जागा नसते. मग ती कुणी न्यावीत यावर तंटा होतो. किंवा, त्याहून दुःखाची गोष्ट म्हणजे, तंटाही होत नाही. ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातात.

अशा वस्तूविषयी निर्णय घेण्यापूर्वी लाकडाचा स्वभाव जाणून घ्यावा. तोडलेले लाकूडही हवेतील ओलावा घेते व सोडते. पावसाळ्यात ते फुगते, म्हणूनच कपाटाचे खण अडकतात. वरचा लेप ही देवघेव मंद करतो. असा लेप घरीही तयार करता येतो. मधमाश्यांचे मेण एक भाग आणि टर्पेंटाइन चार भाग घ्यावे. मेणाचे भांडे गरम पाण्यात ठेवून मेण वितळवावे आणि विस्तव पूर्ण विझवल्यावरच, आगीपासून दूर, त्यात टर्पेंटाइन मिसळावे. कारण ते चटकन पेट घेते. निवल्यावर मिश्रण लोण्यासारखे मऊ होते. सुती फडक्याने त्याचा अगदी पातळ हात द्यावा व थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने घासावे. पुष्कळजण खोबरेल चोळतात. त्याने तात्पुरती चकाकी येते. पण खोबरेल सुकत नाही, त्यावर धूळ बसून चिकट थर जमतो. जवसाचे तेल मात्र हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. त्या क्रियेत उष्णताही निर्माण होते, त्यामुळे या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकल्यास आपोआप पेटू शकतात. ती घराबाहेर, उघड्यावर पसरून वाळवावीत.

जुन्या फर्निचरवर पुष्कळदा लाखेचे पॉलिश आढळते. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर जगणाऱ्या इवल्याशा किड्याचा स्राव. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने तिचे हातावर हात देतात. हे पॉलिश नाजूक असते. गरम चहाचा कप ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उमटते. त्या मानाने पॉलियुरेथेनसारखे आधुनिक लेप कितीतरी टणक. परंतु लाखेचा एक गुण मनन करण्याजोगा आहे. नवा हात दिला की त्यातील स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही थर एकजीव होतात. टणक लेप एकदा फुटून उखडू लागला, की बहुधा सगळा खरवडूनच काढावा लागतो.

इथे आपल्या प्रश्नाला दिशा मिळते. जी वस्तू आपल्याकडून काहीच मागत नाही, ती बिघडली की टाकून देणे सोपे जाते. जी वारंवार थोडी निगा मागते, ती आपल्याला सांभाळण्याची सवय लावते. आणि सद्गुण हा अखेर सवयीनेच अंगी बाणतो. जपणुकीचा कंटाळा वस्तूंपासून सुरू होतो, पण तो वस्तूंपाशीच थांबेल याची शाश्वती कोणी द्यावी? घरातील वृद्धांनाही रोज थोडी निगा लागते.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत या दृष्टीने एक मार्मिक गोष्ट आढळते. मठाच्या कोठाराधिकाऱ्याने तेथील साधी अवजारे व भांडीसुद्धा वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत, असे एकतिसाव्या प्रकरणात सांगितले आहे. आणि कोणत्याही संन्याशाने कशालाही ‘माझे’ म्हणू नये, असे तेहेतिसाव्यात. ज्याची मालकी नाही त्याने सर्वाधिक जपावे, ही वरकरणी विसंगती वाटते. वस्तुतः तेच उत्तर आहे. आसक्त मनुष्य वस्तू स्वतःसाठी राखतो, सांभाळणारा ती पुढच्याच्या हाती देण्यासाठी. ज्या खुर्चीवर नातवंडांना बसू दिले जात नाही, किंवा जिच्यासाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तिची चकाकी कितीही असो, तिच्यावर चुकीचे प्रेम केले गेले आहे.

दोन गोष्टींचे भान मात्र ठेवावे. हा सारा भार एकट्या गृहिणीवर टाकून इतरांनी कौतुकापुरते उरावे, हे न्याय्य नव्हे. तसेच प्रत्येक जुनी वस्तू राखलीच पाहिजे असेही नाही. वाळवीने पोखरलेले लाकूड सोडून द्यावे. आपल्याकडे जागा नसेल, तर धडधाकट मेज गरजू कुटुंबाला द्यावे. तोही सांभाळच होय.

ज्या घरांत वाटणीचा प्रसंग जवळ आला आहे, त्यांना एक सुचवावेसे वाटते. पावसाळा सरल्यावर एखाद्या रविवारी सर्व भावंडांनी एकत्र जमून ते जुने सामान अंगणात काढावे, पुसावे, त्याला मेणाचा हात द्यावा. आई-वडील हयात असतील तर त्यांना जवळ बसवून, कोणती वस्तू कोणी घडवली, कोणत्या लग्नात घरी आली, हे मुलांसमक्ष विचारावे. कोणी काय न्यावयाचे, हे त्यानंतर ठरवावे.