मापाडी

तालुक्याच्या बाजार समितीत एक मापाडी होता. तीस वर्षं त्याने पोती तोलली. सोयाबीन, तूर, हरभरा, जो माल येईल तो. आडत्याने डोळ्याने खुणावलं म्हणून त्याचं वजन कधी उतरलं नाही, आणि शेतकऱ्याने हात जोडले म्हणून कधी चढलं नाही. काट्यावरचे आकडे हलायचे थांबले की तो वजन मोठ्याने सांगायचा आणि वहीत लिहायचा. सगळे त्याला तात्या म्हणत.

एका दुपारी पोतं काट्यावर चढत असतानाच तात्या कोसळला. छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली, आणि लिलावाच्या ओट्याशी तो आडवा झाला. हमालांतल्या एका पोराने कुठल्याशा शिबिरात छाती दाबायला शिकून घेतलं होतं. तो गुडघ्यांवर बसला आणि दाबत राहिला. बाकीच्यांनी तात्याच्या घरी निरोपही धाडला होता, तात्या गेले म्हणून. तरी पोराने हात थांबवला नाही. टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे विजेचे झटके दिले. तिसऱ्या झटक्याला हृदय पुन्हा चालू लागलं.

चार दिवसांनी तात्या बायकोला म्हणाला, "मला न्यायला दोघं आले होते."

त्याने सांगितलं ते असं. दोन माणसं त्याला घेऊन भराभर चालली. पुढे एक जण मोठी वही उघडून बसला होता. त्याने वहीवरून बोट फिरवलं आणि म्हटलं, हा नव्हे, याला नेऊन सोडा. मग डोळे उघडले तर वर दवाखान्याची ट्यूबलाइट.

"आणि?" बायकोने विचारलं.

"आणि काही नाही. एवढंच."

पण गावाला एवढ्यावर भागेना. एसटी स्टँडपर्यंत जाईतो त्या दोघांच्या हाती पाश आले. पुढच्या बाजारापर्यंत त्यांच्यामागे रेडाही आला. मग कुणी बातमी आणली, की शेजारच्या गावात तात्याच्याच नावाचा एक म्हातारा नेमका त्याच घटकेला गेला. चूक तिकडे दुरुस्त झाली तर! लोक घरी येऊन तात्याच्या पाया पडू लागले. सप्ताहात त्याने चार शब्द सांगावेत, असंही ठरलं.

तात्या अजून पुरता सावरला नव्हता, तरी एसटीत बसून त्या गावी गेला. म्हाताऱ्याच्या मुलांजवळ बसला, चहा घेतला आणि विचारलं, "वडील कधी गेले?"

"तुम्ही पडलात त्याच्या आदल्या दिवशी. दिवेलागणीला."

परत येऊन त्याने पारावर तसंच सांगितलं. ते कुणाला आवडलं नाही. एक जण म्हणाला, "एका दिवसाचं काय घेऊन बसलात, तात्या?"

"फरक तो फरकच," तात्या म्हणाला. सप्ताहात तो बोलला नाही.

महिन्याने तपासणीला गेला तेव्हा त्याने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "तुमच्यासारखे पुष्कळ आहेत, तात्या. नेदरलँड्समधल्या 10 दवाखान्यांत हृदय थांबून परत आलेल्या 344 जणांना विचारलं होतं. त्यातल्या 62 जणांनी असं काहीतरी सांगितलं. 2001 साली ते छापून आलं. तिकडच्या माणसांना बरेचदा उजेड दिसतो, गेलेले आप्त भेटतात. आपल्याकडच्या 16 हकिकती बंगळुरूच्या निम्हान्समधल्या सतवंत पसरिचांनी एका अमेरिकन संशोधकाबरोबर 1986 साली मांडल्या. त्यांत न्यायला आलेले दूत, वहीवाला आणि 'चुकीचा माणूस आणलात' हेच पुन्हा पुन्हा येतं."

तात्या विचारात पडला. "म्हणजे ज्याने लहानपणी जे ऐकलं, ते त्याला दिसतं?"

"असेल तसंही. मिशिगनमध्ये 2013 साली उंदरांवर पाहिलं. हृदय बंद पडल्यावर पहिल्या 30 सेकंदांत त्यांच्या मेंदूत एकदम जोराची हालचाल उसळली. दिवा विझताना मोठा होतो ना, तशी."

"म्हणजे माझं सगळं खोटं?"

"तसं तरी कसं म्हणू?" त्या म्हणाल्या. "काही जण सांगतात, आम्ही छताजवळून स्वतःचं शरीर खाली पडलेलं पाहिलं. ते तपासायला 15 दवाखान्यांत उंच फळ्या बसवल्या आणि त्यांवर चित्रं ठेवली. फक्त वरूनच दिसतील अशी. 2,060 जणांचं हृदय थांबलं. त्यातले थोडेच वाचले आणि बोलू शकले. त्या वेळचं पाहिलेलं-ऐकलेलं नीट सांगणारे निघाले दोघं. आणि ते दोघं जिथे कोसळले होते, तिथे फळीच नव्हती. 2014 साली हे प्रसिद्ध झालं."

तात्या बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माल आला, पण तिथे काटा नव्हता."

"हो."

"मग पावती फाडता येत नाही, मॅडम."

"नाही येत."

"पण माल आलाच नाही, असंही लिहिता येत नाही."

"तेही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

त्याच आठवड्यात एका रात्री गल्लीतली एक बाई तात्याच्या दारात आली. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा विहिरीतली मोटर काढायला उतरला होता, तो जिवंत वर आला नाही. तेव्हापासून तिने त्या शेताकडे पाठ फिरवली होती. रान पडीक होतं, विहिरीवर बाभळी माजल्या होत्या. तिच्या हातात मुलाचा फोटो होता. ती बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "तात्या, तुम्ही तिकडून आलात. माझा तिथे दिसला का?"

चुलीपाशी तात्याची बायको उभी होती. तिने मानेने खुणावलं, हो म्हणा.

हो म्हणणं सोपं होतं. दयेचंही होतं. तात्याने फोटो हातात घेतला, दिव्याजवळ नेऊन नीट पाहिला आणि परत दिला.

"नाही दिसला, वहिनी. मी लांब गेलोच नाही. वहीपर्यंत गेलो आणि फिरलो."

ती जायला वळली.

"थांबा. एक सांगतो. ते मी स्वतः भोगलंय. पडलो तेव्हा कळ होती, फार होती. मग ती सुटली. खांद्यावरचं पोतं उतरल्यावर हमालाला वाटतं, तसं वाटलं. भीती नव्हती. कुणाला हाक मारावी, असंही वाटलं नाही. तुमच्या लेकाचं मला ठाऊक नाही. माझं हे असं झालं."

बाई दारातच थबकली. "हाक मारावीशी वाटली नाही?"

"नाही."

ती उंबऱ्यावर बसली. दोन वर्षं तिच्या मनात एकच घर करून होतं. त्याने आतून आपल्याला हाक मारली असेल, आणि आपल्याला ती ऐकू आली नसेल. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. तात्यालाही ते माहीत नव्हतं. ती पुष्कळ वेळ रडली. तात्याची बायको तिच्याजवळ येऊन बसली. उठताना बाईने पुन्हा काही विचारलं नाही.

मेल्यावर माणूस उरतो का, याचं उत्तर या गोष्टीत नाही. कठोपनिषदातल्या नचिकेताने हाच प्रश्न थेट यमाला विचारला, तेव्हा यमानेही आधी त्याला दुसरं काही मागायला विनवलं. देवांनाही इथे शंका पडली होती, असं तो म्हणाला. उंबऱ्यावरून परतलेल्या माणसाच्या हाती मूठभरच येतं. तात्याच्याही हाती तेवढंच आलं होतं, आणि त्याने त्यात भर घातली नाही. ती बाई टेकली ती त्याच मुठीवर. बायकोच्या खुणेप्रमाणे तो हो म्हणाला असता, तर तिने पुढचं विचारलं असतं. कसा दिसत होता, काय म्हणाला, माझी आठवण काढली का? मग एका खोट्याला दुसरं जोडावं लागलं असतं, आणि तिच्या मनातली हाक तशीच राहिली असती.

त्या वर्षी विहिरीवरच्या बाभळी निघाल्या. रब्बीला बाईने हरभरा पेरला. चैत्रात ती बैलगाडीतून चार पोती घेऊन बाजार समितीत आली आणि रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा काट्यापाशी तात्या होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हमालाने पहिलं पोतं काट्यावर ठेवलं. आकडे वरखाली हलत राहिले, आणि ते थांबेपर्यंत तात्या काही बोलला नाही.